पोहण्याच्या तलावाच्या फरशीखाली काय गाडलेलं असतं?

घरी स्वतःच्या हातानं स्विमिंग पूल बांधणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिलेत तर एक गंमत दिसेल. खड्डा खणताना दहा मिनिटं दाखवतात, टाइल बसवताना वीस. मधला पाइप आणि वायरिंगचा भाग मात्र संगीत लावून पळवतात. खरी गोम तिथेच आहे. टाइल वाकडी बसली तर दिसते, उखडून परत बसवता येते. एल्बोचा, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या तुकड्याचा, जोड कच्चा राहिला तर तो वीतभर काँक्रीटखाली जातो. आणि बाँडिंगची, म्हणजे तलावाभोवतीच्या धातूच्या वस्तू एकमेकींना जोडणारी, तार घालायची राहिली, तर ती राहिली आहे हे वर्षानुवर्षं कुणाला कळतही नाही.

माझ्या एका मित्रानं दोन वर्षं शनिवार-रविवार खपून असा तलाव बांधला. (मराठीत पूल म्हटलं की नदीवरचा आठवतो, म्हणून यापुढे तलावच म्हणतो.) पहिल्यांदा पंप सुरू केला आणि मला फोन. "अरे ये बघायला, पाणी काय मस्त फसफसतंय, जकूझीसारखं!" मी म्हटलं, "आधी पंप बंद कर." पंपाकडे जाणाऱ्या पाइपात कुठून तरी हवा शिरत होती. कुठून, ते पुढे सांगतो. आधी पाणी कसं फिरतं ते बघू.

## पाणी फिरतं ठेवायचं म्हणजे किती?

साचलेलं पाणी शेवाळतं, त्यामुळे तलावातलं पाणी सतत बाहेर काढून, गाळून, परत आत सोडावं लागतं. बाहेर पडायच्या वाटा दोन. एक स्किमर, म्हणजे भिंतीत पाण्याच्या पातळीवर बसवलेलं खिडकीसारखं तोंड. ते वर तरंगणारी पानं, केस, तेलकट थर ओढून घेतं. दुसरी मेन ड्रेन, म्हणजे तळातली जाळी. तिथून पाणी पंपात, मग फिल्टरमध्ये, पाणी तापवायचं असेल तर हीटरमध्ये, मग क्लोरीन सोडणाऱ्या यंत्रातून भिंतीतल्या छोट्या तोंडांवाटे परत तलावात. हा क्रम बदलायचा नाही. क्लोरीन हीटरच्या आधी सोडलं तर ते तीव्र पाणी हीटरमधली तांब्याची नळी खात सुटतं.

आता आकडे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असा तलाव धरा. गुणाकार केला की ४४.८ घनमीटर, म्हणजे जवळजवळ ४५,००० लिटर. एवढं पाणी एकदा पंपातून जाण्याला एक फेरा म्हणू. घरच्या तलावासाठी एक फेरा सहा ते आठ तासांत व्हावा असा ठोकताळा आहे. सहा तास धरले तर तासाला ७,५०० लिटर, म्हणजे मिनिटाला १२५. पंधरा लिटरची बादली सात सेकंदांत भरेल, एवढी धार झाली.

एक फेरा झाला म्हणजे सगळं पाणी गाळून निघालं, असं मात्र नाही. नीळ घातलेली बादली घ्या. एक मग निळं पाणी काढा, एक मग स्वच्छ पाणी ओता, असं करत बादलीभर पाणी बदला. बादली निळसरच राहते, कारण नंतर काढलेल्या प्रत्येक मगात आधी ओतलेलं स्वच्छ पाणीही थोडं थोडं परत येतं. तलावाचंही तसंच. पाणी नीट मिसळत असेल तर पहिल्या फेऱ्यात सुमारे ६३ टक्के पाणी गाळलं जातं, दुसऱ्यानंतर ८६ आणि तिसऱ्यानंतर ९५. "चार तास पंप चालवला तरी पाणी गढूळ कसं?" याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर तोंडांच्या जागेत. वारा पाचोळा ज्या काठाला लोटतो त्या काठाला स्किमर हवा, आणि परत येणाऱ्या पाण्याची तोंडं अशी वळवायची की वरचा थर स्किमरकडे सरकत राहील. हे उलटं झालं तर तुमचा पंप वाऱ्याशी भांडत बसतो.

## मोठी मोटर लावली की झालं?

हा सगळ्यात आवडता गैरसमज. पाइप तेवढाच आणि पंप मोठा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पाणी पाइपाच्या भिंतींना घासत जातं आणि त्यात जोर वाया जातो. धार तेवढीच ठेवून पाइपाचा व्यास निम्मा केला तर हा तोटा दुप्पट नाही, चौपट नाही, जवळजवळ तीसपट होतो. म्हणून पाइप निवडताना पाण्याचा वेग बघायचा. पंपाकडे जाणाऱ्या, म्हणजे सक्शनच्या पाइपात तो सेकंदाला १.८ मीटरच्या आत ठेवतात आणि पंपानंतर २.४ मीटरच्या आत. आपली १२५ लिटरची धार ४० मिलिमीटरच्या पाइपातून नेली तर वेग दोन मीटरच्या वर जातो. ५० मिलिमीटरच्या पाइपात तो १.४ च्या आसपास येतो आणि ६३ च्या पाइपात ०.८ वर. मी सक्शनला डोळे मिटून ६३ घेईन. पाइप एकदाच घ्यायचा असतो, वीज रोज जळते.

सक्शनच्या बाजूला एवढं जपायचं कारण असं, की पंप पाणी ओढतो हे म्हणणं तितकंसं खरं नाही. स्ट्रॉनं पिताना आपण नळीतली हवा कमी करतो आणि बाहेरची हवा द्रवाला वर ढकलते. पंपही तेवढंच करतो. बाहेरच्या हवेचा जोर फार तर दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, तोही कागदावर. पंपापुढे तुम्ही हवा तेवढा दाब निर्माण करू शकता, पंपामागे मात्र निसर्गानं दिलेलं हे तुटपुंजं भांडवलच आहे. ते अरुंद पाइप आणि एल्बोंमध्ये उधळलं तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मग पंपात वाफेचे बारीक बुडबुडे तयार होऊन फुटू लागतात, पंपात कुणी खडी टाकल्यासारखा आवाज येतो आणि आतलं चाक झिजतं.

५० मिलिमीटरचा एक काटकोनी एल्बो साधारण दीड-दोन मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो. पंपाच्या तोंडाला चिकटवून तर एल्बो कधीच बसवू नये; तिथे व्यासाच्या पाचपट तरी सरळ पाइप हवा.

वेग कमी-जास्त करता येणारा पंप परवडत असेल तर जरूर घ्या. पंप निम्म्या वेगानं चालवला की धार निम्मी होते, पण लागणारी शक्ती एक अष्टमांशावर येते. तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट तास चालवावा लागला तरी वीज कागदावर चौथा हिस्साच लागते. प्रत्यक्षात थोडी जास्त लागेल, तरी फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो.

## तळाला एकच जाळी का नको?

तलाव भरलेला आहे, पंप चालू आहे आणि तळाची एकुलती एक जाळी एखाद्या मुलाच्या पाठीखाली झाकली गेली, असं समजा. जाळीचा व्यास वीस सेंटिमीटर असेल आणि पंपानं हवेच्या दाबाच्या निम्मी पोकळी निर्माण केली, तर त्या पाठीवर दीडशे किलोहून जास्त जोर येतो. मोठा माणूसही ओढून सोडवू शकत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशाच ओढीत सापडून गेली. तिच्या नावानं तिथे २००७ मध्ये तळाच्या जाळ्यांच्या सुरक्षेचा कायदा झाला.

उपाय साधा आहे. जाळ्या दोन, एकमेकींपासून किमान तीन फूट लांब, आणि दोन्हींचे पाइप टी जोडानं एकत्र करून मग पंपाकडे. एक झाकली गेली तर पाणी दुसरीकडून येतं, ओढ तयारच होत नाही. जाळी सपाट नको, घुमटासारखी फुगीर हवी, म्हणजे अंगानं पुरती झाकली जात नाही. एखादी तुटली किंवा तिचा स्क्रू निघाला असेल तर ती बदलेपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही. आणि पंप बंद करायचं बटण काठावरून धावत जाऊन हाताला येईल अशा जागी हवं, मोटरखोलीच्या कुलपाआड नव्हे.

"मग मेन ड्रेन ठेवूच नये का?" छोट्या तलावात हा विचार अजिबात वेडगळ नाही. काही जण ड्रेन ठेवतच नाहीत आणि परत येणारं एक तोंड तळाकडे वळवून खालचं पाणी ढवळतं ठेवतात.

## जोड, आणि मित्राचे बुडबुडे

पीव्हीसीचा जोड चिकटवायला एक मिनिट लागतं आणि त्या मिनिटात घाई चालत नाही. पाइप काटकोनात कापायचा, कडेला राहिलेला खरखरीत भाग घासून किंचित उतार द्यायचा, कोरडा घालून कुठपर्यंत जातो तिथे खूण करायची. मग प्रायमर, मग पाइपाला आणि जोडाला दोन्हीकडे सॉल्व्हंट सिमेंट. खुणेपर्यंत घालताना पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवायचं. सोडलं की पाइप हळूच मागे सरकतो. तोच पुढे गळणारा जोड. सॉल्व्हंट सिमेंट हा गोंद नाही, ते प्लॅस्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. म्हणून चुकलेला जोड काढून परत वापरता येत नाही, कापूनच टाकावा लागतो.

तपासणी पाण्याच्या दाबानं करायची, कॉम्प्रेसरच्या हवेनं नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ताणलेली असते, पीव्हीसी फुटला तर तुकडे गोळ्यांसारखे उडतात. पाणी दबत नाही, त्यामुळे फुटलं तर नुसतं गळतं.

आता मित्राचे बुडबुडे. पंपानंतरच्या पाइपात दाब बाहेरपेक्षा जास्त, म्हणून तिथे भोक असेल तर पाणी बाहेर येतं आणि दिसतं. पंपाआधीच्या पाइपात दाब बाहेरपेक्षा कमी, म्हणून तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा ठणठणीत दिसतो आणि बुडबुडे मात्र तलावात. त्यानं जमीन उकरायची तयारी केली होती. आम्ही आधी पंप चालू ठेवून एकेका जोडावर मगानं पाणी ओतत गेलो. पंपातली कचऱ्याची टोपली ज्या पारदर्शक झाकणाखाली असते त्यावर पाणी पडलं आणि बुडबुडे क्षणभर थांबले. झाकणाच्या रबरी रिंगखाली वाळूचा एक कण होता. दोन दिवसांची झोप त्या कणानं घालवली होती.

फिल्टरबद्दल थोडक्यात. सँड फिल्टर सोपा आणि टिकाऊ, पण २० ते ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण तो नीट पकडत नाही. कार्ट्रिज अधिक बारीक गाळतो, पण सोडवून धुवावा लागतो. सँड फिल्टर भरला की त्याच्यावरचा दाबाचा काटा चढतो. स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा अर्धा-पाऊण बार वर गेला की पाणी उलटं सोडून वाळू धुवायची. त्यासाठी मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेचा, दांडा फिरवावा लागतो, तो पंप बंद करूनच. चालू पंपावर फिरवला तर आतलं गॅस्केट फाटतं.

## विजेचा प्रश्न वेगळा का?

कोरड्या हातानं झटका बसला तर आपण "आई गं" म्हणून हात मागे घेतो. पाण्यात तसं होत नाही. ओल्या अंगाचा विजेला होणारा विरोध साधारण १,००० ओहमपर्यंत उतरतो. घरातला विजेचा दाब २३० व्होल्ट धरला तर २३० मिलिअँपिअर वाहू शकतात. पण एवढेही लागत नाहीत. दहाएक मिलिअँपिअरला स्नायू आखडतात, आणि पाण्यात असलेला माणूस आखडला की बुडतो.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे ना!" एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. तुमच्या अंगातून जाणारे २३० त्याच्या खिजगणतीतही नाहीत. माणसासाठी असतो आरसीसीबी. तो दारावरच्या पहारेकऱ्यासारखा मोजतो: फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की निमिषात वीज तोडतो. तलावाचा पंप, दिवे, हीटर, काठाजवळचा प्रत्येक प्लग त्याच्यामागे हवा. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. ते दाबूनही वीज गेली नाही तर आरसीसीबी तिथे नाहीच असं समजा.

## अर्थिंग केलंय, मग बाँडिंग कशाला?

वायरमनही कधी कधी हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरतात, म्हणून इथे जरा थांबतो.

अर्थिंग म्हणजे बिघडलेल्या यंत्रातल्या विजेला परत जायला सोपी वाट देणं, म्हणजे मोठा प्रवाह वाहून एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो. बाँडिंग म्हणजे तलावाभोवतीची प्रत्येक वीजवाहक वस्तू तांब्याच्या तारेनं एकमेकींना बांधून टाकणं, म्हणजे त्यांच्यात विजेच्या दाबाचा फरकच उरत नाही.

उघड्या तारेवर बसलेला कावळा आठवा. तार हजारो व्होल्टची, कावळा मजेत, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर आहेत. तलावात माणूस तसा सुखरूप राहायला हवा. त्याचा एक हात शिडीवर, पाय पाण्यात आणि दुसरा हात ओल्या काठावर असेल, तर तिन्हींचा दाब एकच हवा. म्हणून काँक्रीटमधल्या सळया, शिडी, रेलिंग, पंपाचं आवरण, दिव्याची धातूची कोनाडी, एखाद्या धातूच्या तुकड्यातून खुद्द पाणी, आणि काठाभोवतीची जमीन, हे सगळं एका जाळ्यात येतं. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या कलम ६८० मध्ये यासाठी सुमारे आठ चौरस मिलिमीटरची भरीव तांब्याची तार सांगितली आहे आणि काठापासून तीन फुटांचा पट्टा जाळ्यात घ्यायला सांगितला आहे. तुमच्या देशाच्या नियमात आकडे वेगळे असतील, तत्त्व तेच.

"पाइप प्लॅस्टिकचे, तलाव फायबरचा, मग काय बांधायचं?" पाणी आणि ओला काठही वीज वाहून नेतात, प्लॅस्टिकमुळे ते बदलत नाही.

"आरसीसीबी असताना बाँडिंग कशाला?" हा प्रश्न जास्त चांगला आहे. आरसीसीबी फक्त स्वतःतून गेलेला प्रवाह मोजतो. शेजारच्या घराचा न्यूट्रल तुटला, किंवा रस्त्याकडची केबल जमिनीत गळू लागली, तर ती वीज मातीतून तुमच्या काठापर्यंत येते. तुमच्या आरसीसीबीला त्याचा पत्ताच नसतो. पाण्यात हात घातला की झिणझिण्या येतात आणि मेन स्विच बंद केला तरी त्या थांबत नाहीत, अशा तक्रारीमागे बहुधा हेच असतं. तिथे बाँडिंगशिवाय दुसरं काही कामाचं नाही. आणि सळया तर काँक्रीटच्या आत. ते ओतल्यावर बाँडिंगचा विचार म्हणजे वरातीमागून घोडे.

## पाण्याखालचा दिवा

आंतरराष्ट्रीय नियम तलावाभोवती पट्टे आखतात: पाण्याच्या आतला, काठापासून दोन मीटरपर्यंतचा, आणि त्यापुढचा दीड मीटर. पाण्यातल्या दिव्याला जास्तीत जास्त १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी, आणि तो दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर पट्ट्यांच्या बाहेर. हा ट्रान्सफॉर्मर सुरक्षा आयसोलेशनचा हवा, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी गुंडाळी एकमेकींना कुठेही न जोडलेली. नुसता "बारा व्होल्टचा" म्हणून कुठलाही अॅडॉप्टर चालत नाही. पंप आणि पॅनेल काठापासून साडेतीन मीटरपलीकडे ठेवलं की निम्मे प्रश्न मिटतात.

दिव्याच्या मागे केबल सैल गुंडाळून ठेवतात, अशी की दिवा पाण्यातून काढून काठावर आणून बदलता यावा. आणि दिव्याकडे जाणारी नळी आतून पाण्यानं भरलेलीच असते, तलावाच्या पातळीपर्यंत. नळी कोरडी असते असं समजून बरेच जण फसतात. म्हणून तिच्या दुसऱ्या टोकाची जंक्शन बॉक्स पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवी, वीतभर तरी. खाली बसवली तर तलाव त्या बॉक्समध्ये येतो.

बारा व्होल्टवर प्रवाह जास्त लागतो हेही लक्षात ठेवा. जुना ३०० वॅटचा हॅलोजन २५ अँपिअर घेतो, लांब बारीक केबलमध्ये त्याचा उजेड निम्मा मरतो. एलईडीनं ही डोकेदुखी बरीच कमी केली.

## स्वतः किती करायचं?

माझं मत सांगतो. पाइपाचं काम हौशी माणसानं जरूर करावं. चूक झाली तर पाणी गळेल. चर खणणं, वायरसाठी कॉन्ड्युट टाकणं, सळया बांधणं हेही करावं. पॅनेलची जोडणी, आरसीसीबी, ट्रान्सफॉर्मर आणि बाँडिंगची शेवटची तपासणी परवानाधारक वायरमनकडे. तुम्हाला हे सगळं समजलेलं असावं ते एवढ्यासाठी, की तो "होतंय हो चालतंय" म्हणाला तर तुम्ही "नाही चालत" म्हणू शकाल. शिवाय क्लोरीन आणि ॲसिड एकत्र ठेवू नका, त्यांतून विषारी वायू निघतो. आणि दोन्ही विजेच्या पॅनेलपासून दूर, कारण ॲसिडच्या वाफा तांब्याचे संपर्क वर्षभरात हिरवे करतात.

काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी एक फेरी मारा. प्रत्येक पाइप पाण्यानं भरून दाबाखाली आहे का, काटा बाहेरून दिसतो का. सळयांवरचे बाँडिंगचे क्लॅम्प जमिनीत गाडायला चालणाऱ्या तांब्या-पितळेचे आहेत का, आणि मीटरनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार अखंड लागते का. मग टेप जमिनीवर ठेवून, टेपसकट प्रत्येक पाइपाचा आणि जोडाचा फोटो काढा. काट्याचा आकडा भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. ऊन-सावलीनं तो जरासा हलतो; पण सकाळी तो खडूच्या आकड्याजवळच असला, तर काँक्रीटची गाडी बोलवा. आणि काँक्रीट पडत असताना एक माणूस फक्त त्या काट्याकडे बघत उभा ठेवा.